पत्रातली ती एक ओळ

ताई,

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. पाचवीपर्यंत शाळेतून आली की दप्तर खाली ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची. या वर्षी तुकड्या बदलल्या, तिच्या दोन्ही जवळच्या मैत्रिणी दुसऱ्या तुकडीत गेल्या आणि हिचं बोलणं हळूहळू आटलं. नव्या वर्गात पाच मुलींचा एक ग्रुप आहे. सगळा वर्ग त्यांच्या तालावर चालतो. कोणते बूट भारी, कोणाशी बोलायचं, कोणाला चिडवायचं, सगळं त्या ठरवतात. हिला त्यांच्यातच जायचंय. त्यांच्यासारखे केस बांधले, हट्ट करून तसेच बूट घ्यायला लावले, त्यांच्यासारखं बोलायला लागली. पण त्या हिला भाव देत नाहीत. मध्ये त्यांनी हिला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं (माझा जुना फोन ती वापरते). दोन दिवस हिला आभाळ ठेंगणं झालं होतं. तिसऱ्या दिवशी काढून टाकलं, कारणही सांगितलं नाही. मग त्यांच्यातल्या एकीच्या वाढदिवसाचे फोटो हिने पाहिले. अर्धा वर्ग होता, ही नव्हती. त्या रात्री मला म्हणाली, "आई, मी बोअरिंग आहे का गं?"

रविवारी संध्याकाळपासून तिचं पोट दुखायला लागतं. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. सुट्टीत कधीच दुखत नाही. तिचे बाबा म्हणतात, हे वयच असं असतं, होईल आपोआप. तशी बसमध्ये एक मुलगी रोज हिच्या शेजारी बसते, दोघी वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही काढत असतात, पण ती काही त्या ग्रुपमधली नाही. त्या ग्रुपच्या मुख्य मुलीच्या आईला मी ओळखते. तिच्याशी बोलू का? की हिचा वाढदिवस जोरात करून पाचही जणींना बोलावू? की सरळ शाळाच बदलू? रोज शाळेतून आली की मी आधी तिचा चेहरा बघते आणि माझाच जीव गोळा होतो.

एक आई

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाढदिवसाच्या फोटोंपाशी थांबले, दुसऱ्यांदा पोटदुखीपाशी. तिसऱ्यांदा मात्र एका ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. ती ओळ तुम्ही जाताजाता लिहिलीत आणि पुढे गेलात. तिच्याकडे येईनच. आधी पोटदुखी.

ते दुखणं खरं आहे. डॉक्टरांना दाखवलंत हे फार चांगलं केलंत, कारण पोट दुखतंय म्हणजे शाळा टाळायचीय असं परस्पर ठरवून टाकणं बरं नव्हे. पण तपासणीत काही निघालं नाही म्हणून ती नाटक करतेय असंही नाही. २००३ साली अमेरिकेत नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपलेल्या तरुण मुलामुलींना पडद्यावर चेंडू टाकायचा साधा खेळ दिला. आपल्याबरोबर आणखी दोघं खेळतायत असं त्यांना सांगितलेलं होतं. थोडा वेळ चेंडू त्यांच्याकडे येत राहिला, मग ती दोघं आपापसातच टाकाटाकी करायला लागली. बस, एवढंच. कोणी काही बोललं नाही, हसलं नाही. तरी त्या वेळी मेंदूतल्या अशा भागात हालचाल दिसली, जो शरीराला इजा झाल्यावरच्या त्रासातही जागा होतो. अनोळखी माणसांनी पडद्यावरचा चेंडू दिला नाही तर मोठ्या मुलांचं हे होतं. तुमच्या लेकीला तर रोज त्याच वर्गात, त्याच बाकावर जाऊन बसायचंय.

म्हणून तिच्या बाबांना माझा एक निरोप द्या. हे वयच असं असतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. दहा ते तेरा या वयात आईबापांच्या मतापेक्षा बरोबरीच्या मुलांचं मत जड व्हायला लागतं, आणि त्याच सुमाराला शरीर बदलायला लागतं, त्यामुळे मूल स्वतःकडे सारखं बाहेरून बघत राहतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये या वयातल्या मुलांबद्दल एक शब्दप्रयोग वापरला, 'काल्पनिक प्रेक्षक'. आपण वर्गात शिरलो की सगळ्यांच्या नजरा आपल्यावरच आहेत, असं त्यांना मनापासून वाटत असतं. हे सगळं बाबांना ठाऊक असेलही. पण 'होईल आपोआप' हे वाक्य बाबांच्या मनात राहू दे. ते ऐकलं की मुलीच्या कानावर एवढंच पडतं की माझं दुखणं मोजण्याइतकं मोठं नाही. आणि मग ती सांगायचं बंद करते.

आता तिचा प्रश्न. "मी बोअरिंग आहे का गं?" तुम्ही काय म्हणालात ते लिहिलेलं नाही, पण मी ओळखू शकते. कुठलीही आई म्हणेल, "छे गं, वेडी का तू? किती हुशार आहेस, किती छान चित्रं काढतेस." मीही माझ्या मुलीला असंच म्हणाले होते आणि ती कूस बदलून झोपून गेली. तेव्हा मला कळलं नाही, नंतर कळलं. तिला शिफारसपत्र नको होतं. दिवसभरात काहीतरी घडलं होतं आणि ते सांगायला तिला दार हवं होतं. मी कौतुक करून ते दार लावून टाकलं. पुन्हा असं विचारलं तर एवढंच म्हणा, "असं वाटावं असं काय झालं आज?" आणि मग गप्प राहा. अगदी अवघड वाटेपर्यंत गप्प राहा. दिवा मालवलेला असेल, दोघींचे चेहरे एकमेकींना दिसत नसतील, तर मुली जास्त बोलतात. गाडीत शेजारी बसल्यावर, कपड्यांच्या घड्या करताना बोलतात. समोरासमोर बसवून डोळ्यांत बघत विचारलं की कानकोंड्या होतात.

तो ग्रुप आणि त्यातलं 'पॉप्युलर' असणं, याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्या शब्दाने तुमच्या घरात बराच गोंधळ घातलाय.

वर्गात कोण कोणाला हवंसं वाटतं, याचा अभ्यास खूप जुना आहे. जेकब मोरेनो यांनी १९३४ साली मुलांच्या आवडीनिवडींचे नकाशे काढले होते, बाण वगैरे दाखवून. पुढे १९८२ मध्ये जॉन कुई आणि केनेथ डॉज यांनी सहकाऱ्यांसह एक साधी रीत बसवली. प्रत्येक मुलाला एकांतात विचारायचं: वर्गातली तुला सगळ्यात आवडणारी तीन मुलं कोणती, आणि सगळ्यात न आवडणारी तीन कोणती. त्यातून निरनिराळे गट पुढे आले. काही मुलं बहुतेकांना आवडणारी, काही नकोशी, काहींचं नाव कोणीच घेत नाही, ना आवडत्यांत ना नावडत्यांत. आणि एक छोटा गट असा, ज्यांची नावं दोन्ही याद्यांत भरपूर येतात. बाकीची सगळी मधली. नाव न येणाऱ्या मुलांना लोक बिचारी समजतात, पण त्यातली कितीतरी आपापल्या जागी सुखी असतात, एवढं सांगून पुढे जाते.

खरी गंमत नंतर कळली. १९९८ मध्ये जेनिफर पार्कहर्स्ट आणि आंद्रेया हॉपमेयर यांनी दोन वेगळे प्रश्न वेगवेगळे विचारले. 'तुला कोण आवडतं?' हा एक आणि 'पॉप्युलर कोण?' हा दुसरा. नावं जुळली नाहीत. पॉप्युलर म्हणून जी नावं सगळ्यांनी घेतली, त्यातली बरीच मुलं आवडत्यांच्या यादीत वर नव्हतीच. ती दादागिरी करणारी होती, त्यांचा वचक होता. जी खरोखर आवडायची ती मुलं प्रेमळ, विश्वासू होती, आणि त्यातल्या अनेकांना कोणी पॉप्युलर म्हणत नव्हतं.

हा प्रयोग तुम्ही घरी करा. भाषण देऊ नका, संशोधनाचं नाव काढू नका. एखाद्या निवांत वेळी विचारा, "तुमच्या वर्गात पॉप्युलर कोण गं?" ती पाच नावं धडाधडा सांगेल. मग दहा मिनिटांनी, दुसरंच काही चाललेलं असताना विचारा, "सहलीला बसमध्ये चार तास कोणाशेजारी बसायला आवडेल?" ती थांबेल. तिथे ज्या मुलीचं नाव येईल ते लक्षात ठेवा. नावं वेगळी आली तर तुम्ही काही बोलू नका, ते तिचं तिला ऐकू येईल.

आणि त्या पाच जणींचाही विचार करा. जो ग्रुप एकीला घेऊन तिसऱ्या दिवशी काढतो, त्यातल्या उरलेल्या पाचही जणींना ठाऊक असतं की उद्या आपली पाळी येऊ शकते. त्यांचं हसणं, एकमेकींच्या कानात बोलणं, सारखे बूट, यात ती भीती असते. व्हर्जिनिया विद्यापीठाचे जोसेफ ॲलन यांनी १८४ मुलामुलींना वयाच्या तेराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत अभ्यासलं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. तेराव्या वर्षी जी मुलं लवकर मोठं झाल्याचं दाखवत, दिसण्यावरून मित्र निवडत, धाडस म्हणून बारीकसारीक नियम मोडत, ती तेव्हा पॉप्युलर होती. काही वर्षांत ते ओसरलं, आणि तेविसाव्या वर्षी त्यांच्यात नातं टिकवण्याच्या, दारू आणि अमली पदार्थांच्या अडचणी इतरांपेक्षा जास्त दिसल्या. त्या पाच मुलींचं असंच होईल असं मी म्हणत नाही. होऊ नये. त्याही अकरा वर्षांच्याच आहेत, कोणाच्या तरी लेकी आहेत. तुमच्या लेकीसमोर त्यांना नावं ठेवू नका, कारण उद्या त्यातलीच एखादी तिच्याशी नीट बोलली तर ती तुम्हाला सांगायला कचरेल.

तुमचे तीन उपाय आता बघू.

त्या मुलीच्या आईला फोन करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण ती आई आपल्या मुलीची बाजू घेणार, घरी मुलीला रागावणार किंवा हसण्यावारी नेणार. तिन्हीत दुसऱ्या दिवशी वर्गात काय पोचेल? 'हिने आईला सांगितलं.' अकरा वर्षांच्या मुलीला याच्याइतकं मेल्याहून मेल्यासारखं काही होत नाही.

वाढदिवसाचा बेतही सोडा. पाच जणी येतील, मजा करतील, फोटो काढतील. आणि तुमची लेक स्वतःच्याच वाढदिवसाला त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहील की त्यांना आवडतंय ना. तो दिवस तिचा असायला हवा. बूट आणि केस यांनी जे झालं नाही ते सजावटीने होत नाही. तिला जी दोन-तीन माणसं खरोखर हवीत त्यांना बोलवा, त्यात दुसऱ्या तुकडीत गेलेल्या त्या दोघी नक्की असू द्या.

शाळा बदलणं हा आजचा उपाय नाही. नव्या शाळेतही एक ग्रुप असेलच, आणि ही तिथे जाताना मनात हे घेऊन जाईल की मी जिथे नकोशी होते तिथून मला उचललं. एक अपवाद आहे, आणि तो मी स्पष्टच सांगते. बोलावलं नाही, ग्रुपमध्ये घेतलं नाही, याने दुखतं, पण तो छळ नाही. वाढदिवसाला कोणाला बोलवायचं हे प्रत्येकाने ठरवावं. मात्र मुद्दाम घ्यायचं आणि काढायचं, बाकीच्यांना 'हिच्याशी बोलू नका' म्हणायचं, मागे अफवा पसरवायच्या, फोटोंवर हसायचं, आणि हे पुन्हा पुन्हा, तर तो छळ आहे. मारहाण नसली तरी. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ मध्ये या प्रकाराकडे लक्ष वेधलं, तोवर हे 'मुलींचे रुसवेफुगवे' म्हणून झटकलं जायचं. तुमच्या पत्रात ग्रुपमधून काढल्याचा एक प्रसंग आहे. आणखी आहेत का ते हळूच काढून घ्या. असतील तर तारीख, जागा, काय झालं, एवढं वहीत लिहून ठेवा आणि वर्गशिक्षिकेला एकटीने भेटा. तक्रारीच्या सुरात सुरुवात करू नका. "मला काळजी वाटतेय, तुम्हाला वर्गात काय दिसतं?" असं विचारा. त्यांना पुष्कळ दिसत असतं. त्यांच्याकडे मागण्यासारखी एक नेमकी गोष्ट आहे: बसायच्या जागा बदलणं आणि गटात करायच्या कामांचे गट त्यांनी स्वतः पाडणं. 'आपापले गट करा' हे वाक्य वर्गातल्या तीन-चार मुलांच्या पोटात रोज गोळा आणतं. एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये एक पद्धत काढली, प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकेक तुकडा द्यायचा, म्हणजे बाकीच्यांना त्याचं ऐकल्याशिवाय पुरा धडा कळतच नाही. शिक्षिका उत्साही असतील तर त्यांना हे माहीत असेलही.

शिक्षिका, मुख्याध्यापक, समुपदेशक यांना सांगूनही छळ थांबला नाही, तर शाळा जरूर बदला. तेव्हा मागेपुढे बघू नका.

फोनचं थोडक्यात. व्हॉट्सॲप वापरायचं किमान वय तेरा आहे, ती अकराची आहे. म्हणजे तो ग्रुप मुळात तिच्या वयाचा नव्हताच आणि हे तिला शांतपणे सांगायला हरकत नाही. फक्त फोन आत्ता, या प्रसंगाची शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. तसं झालं तर ती एक धडा पक्का शिकेल: आईला सांगितलं की आपलंच काहीतरी जातं. महिन्याभराने, दुसऱ्या कारणाने, घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री एका जागी ठेवायचा नियम करा आणि तुमचाही तिथेच ठेवा.

ती वर्गात शिरते कशी, यावरही घरी काम करता येतं. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये दुसरी-तिसरीतली मुलं चालू खेळात कशी शिरतात ते पाहिलं होतं. ज्या मुलांना पटकन सामावून घेतलं जायचं ती आधी जवळ उभी राहून बघायची आणि मग जे चाललंय त्याबद्दलच काहीतरी बोलायची. ज्यांना झिडकारलं जायचं ती स्वतःबद्दल बोलायची, मतं मांडायची, सगळं थांबवून प्रश्न विचारायची. मोठ्या माणसांच्या घोळक्यातही हेच होतं, बघा. तुमच्या लेकीला सांगा, चाललंय ते आधी नीट बघ, मग त्यातच एक वाक्य टाक. आणि पाच जणींच्या घट्ट वर्तुळात शिरायचा प्रयत्न करण्यापेक्षा जिथे दोघी उभ्या आहेत, खांद्याला खांदा लागलेला नाही, मध्ये जागा आहे, तिथे जा. घरात याची तालीम करता येते. तुम्ही आणि बाबा काहीतरी बोलत राहा आणि तिला येऊन सामील व्हायला सांगा. हसतील सगळे, हसू द्या.

मी सहावीत असताना मला कोणी हे शिकवलं नाही. आमच्या वर्गात कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता. मधल्या सुट्टीत मी तिथे उभी राहून पेन्सिलीला टोक काढायचे. टोक काढणाऱ्या मुलीला कोणी 'एकटी का?' असं विचारत नाही, ती कामात असते. टोक झालं की मुद्दाम मोडायचे आणि पुन्हा काढायचे. लाकडाची ती पातळ, कडेला रंगाची रेघ असलेली गोल साल मला अजून डोळ्यांसमोर दिसते. आठवड्याला दोन पेन्सिली संपायच्या. आईने एकदा विचारलं, "एवढं काय लिहितेस गं?" मी म्हणाले, "गृहपाठ." तिने नवी पेन्सिल दिली. ती वाईट आई नव्हती, तिला पेन्सिलीतून हे कसं कळावं? तुम्हाला पोटदुखीतून कळलंय. तुम्ही पुष्कळ पुढे आहात.

पण त्या डब्यापाशी उभी असताना सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय अशी माझी खात्री होती. तीस वर्षांनी वर्गातल्या काही जणी भेटल्या तेव्हा विचारलं. एकीलाही आठवत नव्हतं. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच यांनी २००० साली विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं होतं. घालणाऱ्याला वाटलं निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्या आलं होतं. ही गोष्ट तिला जरूर सांगा, मुलींना आवडते.

आता ती ओळ.

'तशी बसमध्ये एक मुलगी रोज हिच्या शेजारी बसते, दोघी वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही काढत असतात, पण ती काही त्या ग्रुपमधली नाही.'

तुमच्या अख्ख्या पत्रात त्या पाच मुली प्रत्येक चार ओळींनी येतात. ही मुलगी एकदाच येते, 'तशी' या शब्दाने सुरू होते आणि 'पण'वर संपते. मी दोष देत नाही. लेकीचे डोळे जिथे लागलेत तिथे आईचेही लागतात, जीव तुटत असतो तेव्हा हे कळत नाही. पण मला त्या ओळीत रोज शेजारी बसणारी मुलगी दिसते. रोज. बसमध्ये जागा धरावी लागते, कोणाच्या तरी येण्याची वाट बघावी लागते. आणि मागच्या पानांवर दोघींनी मिळून चित्रं काढायची तर वही एकमेकींच्या मांडीवर द्यावी लागते, दुसरीने काढलेल्या चेहऱ्याला आपण कान काढावे लागतात. अकरा वर्षांच्या मुली हे कोणाहीबरोबर करत नाहीत.

माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या विल्यम बुकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाचवी-सहावीतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो. मुलांनी काही दिवस आपापले प्रसंग, त्या वेळची भावना, तेव्हा जवळ कोण होतं, हे लिहून ठेवलं आणि लाळेचे नमुने दिले. ताण आला की कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, ते त्यातून मोजता येतं. वाईट प्रसंग घडला आणि जवळची मैत्रीण किंवा मित्र त्या वेळी सोबत नव्हता, तेव्हा कॉर्टिसॉल वाढलं आणि स्वतःबद्दलचं मत घसरलं. सोबत असला की प्रसंग तोच, पण शरीराने तो इतका मनाला लावून घेतला नाही. एका मुलीसोबत एक मुलगी. तुमच्या लेकीला एवढीच पुंजी हवीय, आणि ती तिच्याकडे कदाचित आहे.

तिला हे अजून कळलेलं नाही, कारण तिच्या लेखी ती मुलगी म्हणजे फक्त 'बसमधली'. घरी तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. तुम्ही रोज दारात चेहरा बघता आणि बहुधा विचारता, "आज बोलल्या का त्या?" म्हणजे दिवस चांगला गेला की वाईट, हे त्या पाच जणींनी ठरवायचं, असं घरातही झालंय. आठवडाभर तो प्रश्न बंद ठेवून बघा. दारात फक्त "आलीस?" म्हणा, पाणी द्या. संध्याकाळी वही बघा. मागची पानं. "हे कोणी काढलंय, तू की तिने?" असं विचारा. उत्तराचा सूर ऐका.

सूर बदलला तर पुढचं सोपं आहे. शनिवारी किंवा रविवारी दोघींना घरी एकत्र येऊ द्या, दोन-तीन तास, त्याहून जास्त नको. तुम्ही सारखं काही देत-घेत राहू नका, दाराबाहेरून कान लावू नका. कागद आणि रंग ठेवा आणि निघून जा. रविवारी ठेवलंत तर आणखी बरं, कारण रविवार संध्याकाळ ही तिच्या पोटदुखीची वेळ. पहिल्या खेपेला दोघी अवघडून बसल्या तरी घाबरू नका, तीन-चार वेळा होऊ द्या. आणि नाहीच जमलं, ती नुसती बससोबतीणच निघाली, तर ती मैत्री नव्हती एवढंच. चित्रकलेचा वर्ग, एखादा खेळ, नाटक, अशी शाळेबाहेरची एक जागा तिला मिळवून द्या, जिथे त्या पाच जणींचा कायदा चालत नाही.

दुसऱ्या तुकडीतल्या जुन्या दोघी दुरावल्या याचंही तिला वाईट वाटत असणार. ते तिचं चुकलं म्हणून नाही झालं. ब्रेट लॉर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये लिहिलंय की सातवीत जुळलेल्या मैत्र्यांपैकी बारावीपर्यंत टिकली ती फक्त १ टक्का. या वयात माणसं अशीच येतात-जातात, कोणी वाईट असतं म्हणून नव्हे. आठवण येते तर फोन करावा, भेटावं.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा, त्यात वाट बघू नका. दोन-तीन आठवडे झोप उडाली, खाणं कमी झालं, शाळेत जायलाच नकार दिला, आवडत्या गोष्टींतही मन लागेना, किंवा 'मी नसलेलीच बरी' अशा अर्थाचं काही एकदा जरी तिच्या तोंडून आलं, तर त्याच आठवड्यात लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकांकडे जा. आणि असं बोलली तर "काय वेड्यासारखं बोलतेस" म्हणू नका. जवळ बसा, सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट तिला कळतं की हेही आईला सांगता येतं.

तुमच्या पत्रात त्या पाचही जणींबद्दल मला बरंच कळलं, त्यांचे बूटसुद्धा. बसमधल्या त्या मुलीचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर आज लेक शाळेतून आल्यावर तिला तेच विचारा.